मौजे मंगळ, तालुका जेझेरो

मनुष्याने आयुष्याची छत्तीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात, म्हणजे परक्यांच्या जमिनींच्या हद्दी, हिस्से आणि हरकती निस्तरण्यात घालवावीत, अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून यथासांग सेवानिवृत्त व्हावे, आणि तरीही स्वतःच्या वडिलोपार्जित साडेअकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव चढू नये, याला दैवाचा विनोद म्हणावे की खात्याचा, हे मला पुष्कळ दिवस ठरवता येत नव्हते. न्यायाने बोलायचे तर दोष खात्याचा नाही, आमच्या भाऊबंदकीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या जागेत एक आंबा, दोन फणस, एक पडकी विहीर आणि तेवीस हिस्सेदार आहेत. फेरफाराची नोंद घालायची म्हटले की तेविसांपैकी कोणी तरी हरकत घेतो, आणि तो कोणी तरी बहुतेक वेळा आमचे चुलतबंधू तात्या हेच निघतात.

अशा विपन्नावस्थेत २०१९ सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नातू म्हणाला, “आजोबा, मंगळावर नाव पाठवायचं का तुमचं? नासाचं यान जाणार आहे, फुकट नेतात.”

“अर्ज कोणत्या नमुन्यात?” मी विचारले. सवय जात नाही.

“नमुना कसला? नुसतं नाव, देश आणि पिनकोड.”

वारसदाखला नाही, मुखत्यारपत्र नाही, तिकीट लावलेला कागद नाही, पंधरा दिवसांची नोटीस नाही! दहा मिनिटांत माझ्या नावाचा प्रवासपरवाना छापून हाती आला. मुक्काम, मंगळावरील जेझेरो विवर. त्यावर गोल शिक्का नव्हता एवढीच उणीव माझ्या अनुभवी दृष्टीस जाणवली. जे पिढीजात जमिनीवर एकोणीस वर्षांत साधले नाही ते पृथ्वी सोडताच साधावे, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्या रात्रीपासूनच मी मनाने मंगळावर राहावयास गेलो.

चंद्र का नको, असे कोणी विचारील. चंद्र तीन दिवसांच्या वाटेवर आहे. तात्या तेथे हरकत घेण्यासाठी सहज येऊ शकतात. मंगळाची गोष्ट निराळी. त्याच्याकडे निघण्याचा सोयीचा योग सव्वीस महिन्यांतून एकदा येतो, प्रवासास सुमारे सात महिने लागतात, आणि इकडून मारलेली हाक रेडिओलहरींवर स्वार होऊनही, दोन्ही ग्रहांतील अंतराप्रमाणे, तीन ते बावीस मिनिटांनी पोहोचते. ज्या संभाषणात प्रत्येक प्रश्नानंतर एवढा विसावा मिळतो त्यात भांडण कसे टिकणार? भाड्याचीही धास्ती वाटेना. २०१४ साली पोहोचलेल्या आपल्या मंगळयानाचा खर्च किलोमीटरमागे सात रुपये पडला, म्हणजे रिक्षाहून स्वस्त, असा हिशेब त्या वेळी खुद्द पंतप्रधानांनीच मांडला होता. फरक एवढाच की रिक्षावाल्याने वरती हाफ रिटर्न मागितले असते, आणि मला तर रिटर्नचा विचारच कर्तव्य नव्हता.

पहिले काही दिवस परमसुखाचे गेले. १९६७ सालच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये कोणत्याही राष्ट्राला आकाशस्थ गोलावर मालकी सांगता येत नाही, आणि भारतही त्या कराराने बांधलेला आहे, हे वाचून मी हर्षाने उठून बसलो. सरकार नाही म्हणजे सारा नाही, तलाठी नाही, मोजणीची तारीख नाही, तहकुबी नाही! परंतु दुसऱ्याच रात्री माझ्यातल्या अव्वल कारकुनाने डोके वर काढले. मंगळाचे क्षेत्रफळ पृथ्वीवरच्या एकूण कोरड्या जमिनीएवढे भरते. एवढी मिळकत विनामोजणी, विनाआकारबंद उघडी पडली आहे ही कल्पना मला साहवेना. मी वही घेतली आणि ‘मौजे मंगळ’ असा मथळा घालून कच्चे दप्तर बांधावयास आरंभ केला.

आरंभीच पाटबंधाऱ्यांचे प्रकरण निघाले. १८७७ साली स्कियापारेल्ली नामक इटालियन ज्योतिषवेत्त्याने मंगळावर काही रेषा पाहिल्या आणि आपल्या भाषेत त्यांना चर किंवा पाट अशा अर्थाचा शब्द योजला. इंग्रजीत येताना त्याचे खोदलेले कालवे झाले, आणि पुढे अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेलसाहेबांनी दुर्बिणीला डोळा लावून त्या कालव्यांचे नकाशे तर काढलेच, शिवाय ते खोदणाऱ्या प्रजेची तहानही वर्णिली. १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान जवळून गेले तेव्हा छायाचित्रांत खळगे दिसले. कालवा एकही नव्हता. कागदावर कालवा आणि जागेवर खळगा, हे दृश्य मला इतके ओळखीचे वाटले की परग्रहाविषयीची उरलीसुरली भीती त्या क्षणी गेली. पाणीपट्टीचा रकाना मी कोरा ठेवला.

मातीचा रकाना भरताना मात्र हात जड झाला. तेथील मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ आणि तीही बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड, आणि सरासरी थंडी शून्याखाली साठ अंश. नियमाने पाहता अख्खा ग्रह पोटखराब्यात लिहिणे प्राप्त होते. मी तसे लिहिले, आणि खाली बारीक अक्षरात ‘आंबा: नाही’ एवढे नोंदवले. नकाशा धुंडाळताना तेथील एका विवरास ‘पूना’ असे नाव दिलेले आढळले तेव्हा प्रथम ऊर भरून आला, आणि लगेच, तेथेही दुपारी एक ते चार कोणी दार उघडणार नाही, अशी शंका मनास चाटून गेली.

ही सारी योजना मी आमच्या सौभाग्यवतीपुढे ठेवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, तिकडे पाणी किती वाजता येतं?”

मी विषय वजनाकडे वळवला. मंगळाचे गुरुत्व आपल्या अडतीस टक्केच असल्याने माझे अडुसष्ट किलो तेथे सव्वीस किलो भरतील आणि गुडघ्यांची तक्रार आपोआप निकालात निघेल, असे सांगितले.

“वजन कमी होईल हो, पण पोट?” ती म्हणाली, “ते इथून आहे तसंच जाणार ना?” पदार्थविज्ञानातील एवढा सूक्ष्म भेद तिला कोणी शिकवला होता, देव जाणे.

तिची खरी अडचण संकष्टीची होती. मंगळाला चंद्र दोन. त्यांपैकी फोबोस एवढ्या घाईने फिरतो की तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो, आणि तेही दिवसातून दोनदा. चंद्रोदय पाहून उपास सोडायचा तर कोणता धरायचा? मी युक्तिवाद केला की अंगारक म्हणजेच मंगळ, तेव्हा तेथील प्रत्येक संकष्टी ही स्थानमाहात्म्यानेच अंगारकी ठरते, आणि मोदक दिवसातून दोन वेळा होतात. तिने मोदक कोण करणार असे विचारले, आणि ती चर्चा बेमुदत तहकूब झाली.

३० जुलै २०२० रोजी यान उडाले. त्या दिवसांत टाळेबंदीमुळे पुण्याहून रत्नागिरीस जाण्यासाठी ई-पास लागत असे आणि मजजवळ तो नव्हता. माझे नाव मात्र कोणालाही न विचारता सूर्याला वळसा घालीत निघाले होते. मी गॅलरीत उभा राहून त्या नावाचा काहीसा मत्सर केला.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी यान जेझेरोत उतरले, तेव्हा आपल्याकडे एकोणीस तारीख लागून पहाटेचे अडीच वाजत आले होते. नातू आणि मी पांघरूण घेऊन जागत बसलो होतो. उतरल्याची वर्दी आली तेव्हा साहेब लोक टाळ्या वाजवू लागले, आणि मी देवापुढे साखर ठेवली. नखाएवढ्या तीन चिपांवर, केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक ओळीत कोरलेले का असेना, माझे नाव एका निर्वेध जमिनीवर लागले होते.

सकाळी साडेसातला फोन वाजला. तात्या होते. अकरा वर्षांनी.

“पोचलो रे एकदाचे!” ते म्हणाले.

“कुठे?”

“कुठे काय? मंगळावर! नातीनं घातलं होतं नाव माझं. तुला कळवावं म्हटलं.”

मी खुर्चीत बसलो. चष्मा लावून वही उघडली. चिपांवरच्या एकंदर नावांचा आकडा मी स्वतःच टिपून ठेवला होता: १,०९,३२,२९५. कोकणात आम्ही तेवीस होतो.

“तात्या,” मी विचारले, “तुमचं नाव तीनपैकी कोणत्या चिपेवर आहे?”

“ते कसं समजणार?”

“मग ते सामायिकच धरावं लागेल.”

त्यावर तात्यांनी हरकत घेतली.