घटका भरली

‘पन्नास मिलिसेकंद मोजायचे आहेत. टाइमरमध्ये किती भराल?’

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं. 8051 या मायक्रोकंट्रोलरला बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की त्याचा टाइमर दर मायक्रोसेकंदाला एकाने पुढे सरकतो, एवढं मला पाठ होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘50,000.’

‘वा! म्हणजे पंधरा मिलिसेकंदांतच उतू जाणार.’

मी पंख्याकडे पाहिलं. तो आपला फिरत होता.

उत्तर मिळालं ते चार महिन्यांनी, मामेबहिणीच्या लग्नात. कुणाच्या तरी हौसेने तिथे घटिकापात्र मांडलं होतं. गंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी आत शिरत राहतं, चोवीस मिनिटांत वाटी बुडते आणि घटका भरते. किती वाजले हे वाटीला ठाऊक नसतं. तिला फक्त भरणं आणि बुडणं कळतं. टाइमरची अक्कलही एवढीच. सोळा बिटांच्या या वाटीत 65,535 ठोके मावतात. पुढचा ठोका पडला की ती बुडून शून्यावर. तुम्हाला 50,000 ठोक्यांनीच बुडायला हवी असेल, तर 15,536 ठोक्यांचं पाणी आधीच घालून मग ती सोडायची. सरांना तेच हवं होतं. वाटी बुडाली की भटजींनी ‘सावधान’ म्हणायचं, त्याला आमच्यात इंटरप्ट म्हणतात. आणि बुडालेली वाटी काढून, पुन्हा तेवढंच पाणी घालून सोडायची, हेही आपणच बघायचं.

हे सगळं विसरायला मला वीस वर्षं लागली. गेल्या मेमध्ये बाल्कनीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला आपोआप पाणी घालायचं यंत्र करायला घेतलं. अर्डुइनो ऊनो नावाचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक छोटा पंप, एक नळी आणि आईसाठी लाल बटण: दाबलं की बंद. रोज सकाळी दहा मिनिटं पाणी. प्रोग्राममध्ये ‘डिले’ नावाची सोय असते. तिला मिलिसेकंद सांगायचे. मी लिहिलं, दहा गुणिले साठ गुणिले हजार.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘तुझं यंत्र तुळशीला आचमन घालतं रे.’

खरंच, पंप दहा सेकंदांत गप्प होत होता. ऊनोवरचा साधा पूर्णांक सोळाच बिटांचा. सहा लाख त्यात कुठून मावणार? नऊदा उतू जाऊन तळाशी उरले 10,176. वाटी तीच, वीस वर्षांपूर्वीची! मी आकड्याला मोठं भांडं दिलं आणि खरी दहा मिनिटं मिळवली.

तिसऱ्या दिवशी नळी कुंडीतून निसटली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत कुरडया वाळत घातल्या होत्या. आईने लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ‘अरे, ऐकतच नाही हे मेलं!’ म्हणत वायरच उपटली. कुरडयांचा तोवर परत चीक झाला होता.

दोष पंपाचा नव्हता, ‘डिले’चा होता. दूध उतू जाऊ नये म्हणून काही माणसं पातेल्यासमोर खांबासारखी उभी राहतात आणि दारावरची बेल वाजली तरी हलत नाहीत, त्यातला हा प्रकार. दहा मिनिटं घड्याळ बघत बसायचं, बटणाकडे ढुंकूनही पाहायचं नाही.

काकूंकडे जाऊन आल्यावर मी मुकाट्याने ऊनोचा टाइमर-एक उघडला. या चिपमध्ये तीन टाइमर. दोन आठ बिटांचे, हा एकटा सोळाचा. पण ठोके सेकंदाला एक कोटी साठ लाख! या वेगाने वाटी चार मिलिसेकंदांतच बुडते. तेव्हा प्रीस्केलर नावाचा दारवान बसवायचा, जो 1,024 ठोक्यांमागे एकालाच आत सोडतो. उरतात सेकंदाला 15,625. या टाइमरला आधी पाणी भरावं लागत नाही. वाटीवर खूण करून दिली की तिथवर भरून तो आपणच रिकामा होतो. ही खूण मात्र 15,624 वर, कारण मोजणी शून्यापासून. (या एकाने भल्याभल्यांना रडवलंय.)

आता दर सेकंदाला एक हाक येते, तिची नोंद होते, आणि मधल्या वेळात प्रोसेसर बटणाकडे लक्ष द्यायला मोकळा. आईला हे समजावायला गेलो, तर ती जपाला बसलेली. माळेचे 108 मणी झाले, तिने तुरीचा एक दाणा वाटीत टाकला आणि विचारलं, ‘त्यात समजवायचं काय? मी दुसरं काय करते?’ माझ्या यंत्राचे 600 दाणे झाले की पंप बंद होतो, आणि 86,400 झाले की दुसऱ्या दिवशीचं पाणी सुरू.

एक भानगड उरलीच. माझ्या बोर्डावर ठोके द्यायला क्वार्ट्झ नाही, स्वस्तातला सिरॅमिक रेझोनेटर आहे. तो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. माझा त्यातला गुणी, रोज दोनच मिनिटं मागे पडतो. सातचं पाणी दीड महिन्यात साडेआठवर गेलं. दुरुस्त करू का, म्हणून आईला विचारलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘चंद्र तरी कुठे रोज एकाच वेळी उगवतो?’