वस्तादांची पाठ

लक्ष्मीपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. ऐन उमेदीची चार वर्षं तालमीत घालवली, मग पोटासाठी बी.कॉम. झाले, आता जीएसटीची रिटर्नं भरतात. कोल्हापुरातल्या कुठल्याही ऑफिसात डोकवा, असा एक वस्ताद निघतोच. माती सुटून जमाना झाला, पण कान मोडलेले आहेत आणि ते दिसावेत म्हणून केस बारीक असतात.

वस्तादांची मान धरते. कंबरही धरते. ‘दुखतंय’ मात्र ते म्हणणार नाहीत. ‘जरा आखडलीया’ म्हणतात.

आखडणार नाही तर काय? ऑफिसनं त्यांना चांगली जाळीच्या पाठीची खुर्ची घेऊन दिली, तिच्यावर त्यांचा टॉवेल वाळतो. स्वतः टोकावर बसतात, गुडघे फाकून, समोरचा गडी आत्ता पट काढेल अशा तयारीत. मागं टेका म्हटलं की, ‘आरं, पाठ लागली म्हंजे कुस्ती गेली!’ कोल्हापुरात यावर कुणी काय बोलावं?

लॅपटॉप टेबलावर सपाट. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत आखाडा खाली आणि बघे भोवतीच्या उतारावर. वस्तादही आपलं काम तसंच, वरून वाकून बघतात. त्यात फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे रिटर्नची मुदत संपताना, तो तिथंच उगवल्यासारखा वाटतो.

उपाय त्यांनी कमी केले असं नाही. पट्टा झाला, उशी झाली, तेल झालं. एका हाडवैद्यानं मान अशी काही वाजवली म्हणे, की पुढचे दोन दिवस डावीकडचं गिऱ्हाईक बघायला वस्तादांना अख्खं वळावं लागलं.

शेवटी घरच्यांनी फिजिओथेरपिस्टकडं नेलं. बाईंनी सांगितलं की डोकं साधारण ५ किलोचं, पण मान ६० अंशात वाकवली की मणक्यावर जवळजवळ २७ किलोंचा भार येतो. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या सर्जननं २०१४ मध्ये तसं गणित मांडलंय.

‘२७?’ वस्ताद हसले. ‘तालमीत आम्ही पन्नास किलोचं पोरगं मानेवर बसवून मेहनत करत हुतो.’

‘आठ तास बसवत होता का?’

वस्तादांना या डावावर तोड सुचली नाही. बाईंनी मग एकेक करून सांगितलं: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, पावलं जमिनीवर टेकलेली, कंबरेला मागून आधार, आणि दर अर्ध्या तासानं उठायचं. वस्ताद फुरंगटून परतले. ‘हाड न्हाई, तेल न्हाई. नुसतं उठा म्हनायचं पैसं घेतलं!’

ऑफिसात आर्टिकलशिपला आलेल्या पोरीनं मात्र बाईंचा शब्द मनावर घेतला. कायद्याची जुनी जाडजूड पुस्तकं लॅपटॉपखाली रचली, वेगळा कीबोर्ड जोडला. ‘मामा, आता बघा.’ मामांनी बघितलं. मान ताठ झाली तशी समोरची माणसं पहिल्यांदा दिसली, आणि त्यातलं कोण काम करत नाही हेही. स्क्रीन तेव्हापासून वरच आहे.

उठायचं तेवढं जमेना. तिनं त्यांच्या मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. गजर झाला की वस्ताद बसल्या जागेवरून चहा सांगतात.

परवा २० तारखेची संध्याकाळ. पोर्टल नुसतं गरगरत होतं, शेवटची दोन रिटर्नं अडकलेली. वाट बघता बघता वस्ताद हळूहळू मागं कलले, टॉवेलासकट खुर्चीला टेकले. डोळे मिटले, खांदे खाली आले, सुस्कारा निघाला. चहावाल्या पोरानं ते बघितलं आणि ओरडला, ‘वस्ताद, पाठ लागली!’

वस्ताद ताडकन टोकावर आले. टॉवेल झटकला, सगळ्यांकडं एकदा रोखून बघितलं.

‘ही धरायची न्हाई. नुरा हुती.’