लशीच्या वादात सुवर्णमध्य कसा गाठावा

प्रथम साहित्य. एक कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप (त्यात एकमेकांशी न बोलणारे निदान दोघे हवेत), एक नवं बाळ, त्याच्या लसीकरण कार्डाचा वहिनीने कौतुकाने टाकलेला फोटो आणि रिटायर झालेले एक नाना. घरात डॉक्टर असल्यास उत्तम, पण तो दातांचा असावा. म्हणजे दोन्ही बाजूंना त्याला सोयीप्रमाणे मोडीत काढता येतं.

फोटो पडला की फार थांबावं लागत नाही. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का मिरवणारा मजकूर नाना टाकतात, खाली स्वतःची भर: ‘आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लशी? मेलो का?’ जे मेले ते ग्रुपवर नसल्यामुळे हा मुद्दा बिनतोड ठरतो. अमेरिकेतला पुतण्या तीन लिंका आणि कपाळावर हात मारणारा इमोजी पाठवतो. आत्या दोघांनाही नमस्कार पाठवते. आता मध्यस्थ म्हणून तुम्ही उतरायचं.

‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ हे वाक्य पाठ करून ठेवा. ते मुद्दे वाचण्याआधीच टाकलेलं बरं, वाचल्यावर टाकायला जड जातं. मग वाटाघाटी. पुतण्या म्हणतो, देवीचा रोग लशीने गेला. नाना म्हणतात, स्वच्छतेने. तोडगा: रोग लशीने घालवला, स्वच्छतेने बाहेरून पाठिंबा दिला. पुतण्या म्हणतो, गोवराच्या लशीचे दोन डोस. नाना म्हणतात, एकही नको. तोडगा: एक. टाळ्या.

हा तोडगा सगळ्यांना मान्य होतो, फक्त गोवराला होत नाही. एकालाही संरक्षण नसलेल्या वस्तीत एका रुग्णाकडून तो १२ ते १८ जणांकडे जातो आणि त्याला अडवायचं तर शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण लागतं. ‘चला, साठावर मिटवू’ असं त्याच्याशी ठरवता येत नाही. २०२२ च्या अखेरीस तो मुंबईत, गोवंडीच्या बाजूला पसरला तेव्हा मुलं दगावली.

तरी तुमचा हट्टच असेल, तर १९९८ चा तो प्रसिद्ध लेख घ्या. अँड्र्यू वेकफील्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांच्या आधारावर एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफील्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. इथे सुवर्णमध्य काढायचा म्हणजे सहा मुलं खरी धरावी लागतील. कोणती सहा, हे आत्याने ठरवावं.

एवढ्यावर पुतण्या जिंकला असं त्याला वाटेल. वाटू देऊ नका. ‘लस शंभर टक्के सुरक्षित, ज्यांना कळत नाही ते अडाणी’ असं तो लिहून बसलेला असतो, आणि त्यातला पहिला भाग खोटा, दुसरा उद्धट. तसं असतं तर टोचल्यावर अर्धा तास केंद्रात बसवून ठेवलं नसतं. त्याला १९०२ सालची पंजाबातल्या मुल्कोवालची गोष्ट सांगा. हाफकिन यांची प्लेगची लस टोचल्यावर तिथे १९ माणसं धनुर्वाताने गेली, सगळी एकाच बाटलीतली. बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, असं पुढे दाखवलं गेलं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. आज परळची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते, मुल्कोवाल मात्र कुणाला आठवत नाही. आणि फार मागे कशाला? २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. त्यात पोलिओच्या लशीचा काय दोष? पण त्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता नानांकडे वळा. त्यांना सदऱ्याची बाही वर करायला सांगा. दंडावर देवी काढल्याचा खोलगट, सुरकुतलेला व्रण दिसेल. त्याकडे बोट दाखवलंत की नाना म्हणतील, ‘ती लस वेगळी. तेव्हाची माणसं प्रामाणिक होती.’ हे वाक्य खोडून काढायची घाई करू नका. अख्ख्या वादात नाना एवढंच खरं बोललेत. त्यांचा राग बिलं फुगवणाऱ्या दवाखान्यांवर आहे, ‘वरून ऑर्डर आहे’ म्हणणाऱ्या बाबूंवर आहे. वाटेत सापडली म्हणून लस झोडपली जाते. बाटली कोणी उघडली, चूक झाली तर भरपाई कोण देणार, दुष्परिणामांची नोंद लोकांसमोर का येत नाही, हे नानांनी खडसावून विचारावं आणि पुतण्याने त्यांच्या बाजूने उभं राहावं. माझ्या मते या दोघांनी एकत्र यावं अशी जागा हीच. लस द्यावी की नाही, याच्या अधेमधे कुठे ती शोधू नये.

अजून एक काम उरलं. ग्रुप वर सरकवत न्या. फोटोनंतर काही वेळाने वहिनीने विचारलं होतं, ‘मांडीवर गाठ आलीय, अंग तापलंय, काय करू?’ त्यावर कुणाचं उत्तर नाही. तेवढ्यात स्वच्छतेचा मुद्दा निघाला होता. तिला फोन करा. थोडा ताप आणि टोचल्या जागी गाठ येते. गाठ चोळायची नाही, तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल. बाळ मलूल पडलं, रडायचं थांबेना किंवा झटका आला तर तडक दवाखाना. आणि कार्डावरची पुढची तारीख वाचून दाखवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात.