घरच्या नॅसची डिस्क बदलण्याचा शास्त्रोक्त विधी

घरच्या नॅसची, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीच्या डब्याची, डिस्क बदलणे हे यंत्राचे काम कमी, घरातल्या शांततेचे जास्त. बारामतीतल्या साध्या दोन डिस्कच्या डब्यातही चार टीबी ऐवज निघतो: ऊसबिलाच्या पावत्या, सातबाऱ्याचे स्कॅन आणि ‘लग्न’, ‘लग्न फायनल’, ‘लग्न फायनल नवीन’ ही तीन फोल्डर. यांतले खरे लग्न कोणते, हे ठरवण्याची ही वेळ नव्हे. तिन्ही ठेवावीत.

आधी गैरसमज काढावा. रेड-१ पद्धतीत दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, म्हणून बॅकअप झालाच, असे घरातला कर्ता जाहीर करून टाकतो. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढाच त्या पद्धतीचा उपयोग. भाच्याने फोल्डर उडवले की ते त्याच क्षणी दोन्हीकडून उडते. सातबाऱ्याच्या पाच झेरॉक्स काढून पाचही एकाच ट्रंकेत ठेवण्यातला हा प्रकार आहे.

खरा नियम ३-२-१ असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. ही बाहेरची प्रत इंदापूरच्या आत्याकडे ठेवावी. अंतर सुमारे ५० किलोमीटर. बारामतीत वीज पडली म्हणून तिथली डिस्क जळत नाही. मात्र जागा उंचावरची बघावी. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे जुने देऊळ धरण आटले की पुन्हा दिसते, डिस्कला ती सोय नाही. ४० एमबीपीएस अपलोडने चार टीबी पाठवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात; एसटी तेच काम दोनेक तासांत उरकते. म्हणून पहिली प्रत एसटीने न्यावी, पुढचे बदल तेवढे नेटवरून पाठवावेत. डिस्क मांडीवर घ्यावी. खाली ठेवल्यास तिच्यावर कोणाचे तरी पोते येते.

एवढे झाल्यावरच डबा उघडावा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी, आणि सीएमआर प्रकारची असावी. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात लेखनाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असल्याने पुनर्बांधणी रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, तेव्हा नॅसवाल्यांत मोठी ओरड झाली होती. सिरियल नंबर वाचून एकच डिस्क काढावी. घाईत चांगली डिस्क बाहेर येते आणि आजारी आत राहते.

पुनर्बांधणीला एखादा दिवसही लागतो. त्या काळात डब्यात पूर्ण प्रत एकच असते, आणि लाईट जायला हाच मुहूर्त निघतो. इन्व्हर्टर वेळेत वीज देईलच असे नाही, त्यामुळे यूपीएस हवा, तोही नॅसला केबलने जोडलेला, म्हणजे बॅटरी उतरताच नॅस आपणहून बंद होईल. जागा वाढवायची असेल तर मग दुसरी डिस्क, पुन्हा तितकीच प्रतीक्षा. दोन्ही बदलल्याशिवाय जागा वाढत नाही. पेढे तोवर आणू नयेत.

काढलेल्या डिस्क महिनाभर जपाव्यात आणि भंगारात देताना पुसून द्याव्यात. इंदापूरच्या प्रतीतली एक तरी फाइल बारामतीत उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे पाहुण्यांना सांगू नये.