पावती हाच पुरावा

अमेरिकेतल्या एडिसनमध्ये घर घ्यायला निघालेल्या मराठी जोडप्याकडे पगार असतो, क्रेडिट स्कोअर असतो, पोटाला चिमटा काढून साठवलेलं डाऊन पेमेंट असतं. तरी फाइल अडते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची तारीख उलटलेली असते आणि मुदतवाढीचा अर्ज सरकारदरबारी पडून असतो. कर्जाची फाइल तपासणारा अंडररायटर म्हणतो, चालू तारखेचा कागद आणा. सरकारनेच अजून न दिलेला कागद माणूस आणणार कुठून?

कायदा इथे अर्जदाराच्या बाजूने आहे. मुदत संपायच्या आत अर्ज पोहोचला असेल, तर त्याच कंपनीत पुढे २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. तो पोहोचल्याची आय-७९७ पावती हाच त्या काळातला पुरावा. गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे म्हणते, कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकाच्याच अटींवर कर्ज द्या. कुठले कागद पाहून खात्री करायची, हे तिने कर्ज देणाऱ्यावर सोडलंय. म्हणजे "नियमच तसा आहे" असं सांगणारा लोन ऑफिसर अनेकदा फक्त आपल्या संस्थेचा नियम सांगत असतो. तो नियम लेखी मागा. नाही दिला, तर दुसरं दार ठोठावा.

एक दार मात्र सरकारनेच बंद केलंय. साडेतीन टक्के डाऊन पेमेंटवर मिळणारं एफएचए कर्ज २५ मे २०२५ पासून फक्त नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या अपवादांनाच मिळतं. हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. अमेरिकेत कर भरणारा, तिथेच जन्मलेली मुलं शाळेत सोडणारा माणूस तात्पुरता कसा? रांग सरकारने लांबवली आणि तिची शिक्षा रांगेत उभ्या असलेल्याला.

जोडीदाराचा पगार धरून कर्ज काढणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरच्या वर्क परमिटचं नूतनीकरण मागितलं की पूर्वी जुन्या कार्डाला आपोआप मुदत मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. इथे पावती पुरत नाही. कार्ड संपलं की नोकरी थांबते आणि तो पगार कर्जाच्या हिशेबातून जातो.

म्हणून घर बघायच्या आधी तारखा बघा. एच-१बीच्या मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. कंपनीच्या मागे लागून तो करून घ्या. जमलं तर प्रीमियम प्रोसेसिंग घ्या, पंधरा कामाच्या दिवसांत सरकारला काही ना काही उत्तर द्यावंच लागतं. नोकरी चालू असल्याचं कंपनीचं पत्र पावतीला जोडा. आणि ही पावती चालेल का, हे अप्रेझलचे पैसे भरण्याआधी आणि रेट लॉक करण्याआधी ईमेलवर विचारा. तोंडी होकारावर बयाणा देऊ नका.