वाळीत टाका, एका क्लिकवर

ट्विटरवर मनमानी चालते म्हणून 2019च्या नोव्हेंबरात आपल्याकडचे बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. निमित्त झालं सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं बंद झाल्याचं. 2022 मध्ये इलॉन मस्क ट्विटरचे मालक झाले, तेव्हा पुन्हा बाडबिस्तरा बांधला गेला. तिकडे म्हणे मालकच नाही!

एक मालक नाही, हे खरं. मालकांची खोगीरभरती आहे.

मॅस्टोडॉन म्हणजे हजारो सुटे सर्व्हर, प्रत्येकाचा ॲडमिन वेगळा. दुसरा एखादा सर्व्हर त्याला खटकला की तो अख्खाच्या अख्खा बंद. चार टवाळखोरांबरोबर तिथले सगळे सज्जनही गेले. ज्यांचे फॉलोअर तुटले, त्यांच्या हे पूर्वी गावीही नसायचं. 2024 पासून निदान नोटिफिकेशन येतं.

यालाच प्रगती म्हणतात.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016चा. मॅस्टोडॉनही 2016चंच. इकडे वाळीत टाकणं हा गुन्हा झाला, तिकडे ते सेटिंग झालं.

पण हे सेटिंग वाईटच, असं तरी कसं म्हणावं? 2019 मध्ये अतिउजव्यांच्या 'गॅब' या सोशल नेटवर्कनं मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर उचललं. ते सगळ्यांना खुलं, त्यामुळे खुद्द जनक ओयगेन रॉच्को यांनाही अडवता येईना. मग एकेका सर्व्हरनं दार लावून घेतलं. ना कोर्ट, ना मंत्रालय. गॅबवाले बोलत राहिले, ऐकायला घरचेच उरले. तेव्हा बहिष्कार सगळ्यांना गोड लागला.

ॲडमिनवर भरवसा नाही? स्वतःचा फिल्टर लावा. नको तो शब्द घाला, आठवड्याची मुदत द्या. 'निवडणूक' घालून पाहाच. 'निवडणूक' अडते, 'निवडणुकीत' आणि 'निवडणुकांचा' ऐटीत आत शिरतात. णू चा णु झाला की फिल्टर गंडला. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा फायदा आजवर कुठल्याही उमेदवाराला झाला नसेल.

बरं, इशाऱ्यासह लपवायचं ठरवलं, तर पोस्टच्या जागी फिल्टर लागल्याची पाटी येते. शेजारीच 'तरीही दाखवा'. आपण काय करतो?

दाबतो.

ट्विटरचा दुसरा पर्याय असलेल्या ब्लूस्कायवर तर कोणी कोणाला ब्लॉक केलं, हे शोधणाऱ्याला उघड दिसतं. वर ब्लॉक करायच्या तयार याद्याही मिळतात. ज्यांच्याशी कधी बोललोही नाही, असे शेकडो शत्रू एका टिचकीत. भांडायलाही वेळ नसलेल्यांची सोय.

मॅस्टोडॉनवर ॲडमिन पटला नाही, तर फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. म्हणजे लोक न्या, बोललेलं ठेवून जा. आपल्या पक्षांतरवाल्यांना हे विशेष आवडावं.

कोणते सर्व्हर अडवलेत आणि का, हे ॲडमिनची मर्जी असेल तर त्याच्या माहितीच्या पानावर लिहिलेलं असतं. खातं उघडण्याआधी ते वाचावं, इतकी साधी गोष्ट.

वाचताय कसले? 'मला मान्य आहे' दाबूनही झालं असेल.