मांजरीचा अनुशेष

वऱ्हाडात प्रश्नाचं उत्तर लवकर सापडलं की माणूस खट्टू होतो. जेवणं झाल्यावर अंगणात खाटा टाकायच्या, कोणीतरी एखादा वाद उकरून काढायचा आणि झोप येईपर्यंत तो पुरवायचा, ही इथली जुनी रीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे गेला की झोप लवकर येत नाही, म्हणजे वादही तेवढा लांब लागतो. दोन-तीन सेकंदांत निकाल देणारं बायबलचं ॲप आमच्या घरात आलं ते नेमकं अशा मोसमात.

काकाजी अकोल्याचे, अलायन्स चर्चमधले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेतून आलेल्या या मिशनने अकोल्यात बस्तान बसवलं आणि आमच्या घराण्यात पवित्र शास्त्र पाठ असण्याला भाव आला. काकाजींना वचनं आकड्यांनी आठवत नाहीत, जागेनं आठवतात. ‘डाव्या पानावर खाली, एरंडेलाचा डाग हाय त्याच्या वर’ असं सांगतात आणि ते तिथंच निघतं. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, लग्न होऊन अमरावतीच्या कॅथलिक घरात गेल्या. अमरावतीला १९५५पासून धर्मप्रांत आहे, बिशप आहेत, अकोल्याला नाहीत. ही गोष्ट त्या भाजीच्या भावापासून सुरू झालेल्या बोलण्यातही आणून दाखवतात. उन्हाळ्यात माहेरी येतात आणि येताना मांजर घेऊन येतात.

त्या मांजरानं काकाजींच्या दुधात तोंड घातलं आणि धर्मचर्चा सुरू झाली.

“अख्ख्या बायबलात मांजर नाही,” काकाजी म्हणाले. “देवानंच जागा नाही देल्ली, तू काऊन देऊन राह्यली?”

पूर्वी या एका वाक्यावर आठवडा निघाला असता. आता आत्याबाईंच्या नातवानं फोन काढला, ‘मांजर’ असं टाकलं, आणि पडद्यावर आलं: एकही निकाल नाही. काकाजी जिंकले, पण त्यांचा चेहरा उतरला. अजून नऊसुद्धा वाजले नव्हते.

आत्याबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. “दानीएलच्या गुहेत सिंह चालते, अन् वाघाची मावशी चालत नाही?” हा मुद्दा काकाजींनी प्राणिशास्त्राचा म्हणून फेटाळला. मग कुत्र्याचा विषय निघाला. नातवानं ‘कुत्रा’ शोधलं तर सापडलं अगदीच थोडं. काकाजी चवताळले. लाजराचे फोड चाटणारे कुत्रे कुठे गेले? ईजबेलीला खाणारे कुठे गेले? गेले कुठेच नव्हते, मराठीच्या प्रत्ययांत दडून बसले होते. कुत्रे, कुत्र्यांनी, कुत्र्यास. ‘कुत्रा’ या शब्दाशी यंत्र ते जुळवणार कसं? इंग्रजीवाल्याला एक शब्द टाकून काम भागवता येतं, आपल्याला शब्दाचं शेपूट छाटावं लागतं. ‘कुत्र’ एवढंच टाकलं आणि भुंकत सगळे बाहेर आले. ‘पाणी’ शोधायचं तर ‘पाण्य’ही शोधा, नाहीतर निम्मा तांबडा समुद्र हातचा जातो. उलट ‘देव’ टाकलं तर देवदूत, देवालय सगळी वरात हजर. आत्याबाईंनी तोंडी विचारून पाहिलं: “मले मांजर दाखव.” फोननं ‘मुले मांजर दाखव’ असं लिहून घेतलं. वऱ्हाडी ‘ले’ त्याला कोणी शिकवलेलाच नाही.

शब्द हुडकण्याची ही हौस मात्र फोनच्या आधीची आहे. तेराव्या शतकात पॅरिसला ह्यूग नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूनं बायबलमधल्या शब्दांची सूची करवून घेतली; त्यासाठी पाचशे साधू राबले असं सांगतात. ॲलेक्झांडर क्रूडननं १७३७मध्ये लंडनमध्ये एकट्यानं इंग्रजी बायबलची सूची छापली आणि कॅरोलाइन राणीला अर्पण केली. राणी त्याच महिन्यात वारली, बिदागी बुडाली. क्रूडन मधूनमधून वेड्यांच्या इस्पितळातही जाऊन आला. पुढे तो स्वतःला ‘दुरुस्ती करणारा’ म्हणवून घेई आणि हातात स्पंज घेऊन लंडनच्या भिंतींवरचं न पटणारं लिखाण पुसत फिरे. तो निवडणुकीच्या दिवसांत अमरावतीच्या राजकमल चौकात आला असता, तर पुसता पुसता दुसरी निवडणूक लागली असती.

काकाजींना क्रूडनपेक्षा रोबेर एस्तिएन जवळचा वाटतो. नव्या कराराच्या अध्यायांना आज चालतात ती वचनांची छोटी खोकी पाडून या फ्रेंच मुद्रकानं १५५१मध्ये छापलं. पॅरिसहून ल्योंला जाताना घोड्यावर बसूनच त्यानं हे केलं, अशी आख्यायिका आहे. घोडा ठेचकाळला की वचन तुटायचं, असं टवाळखोर म्हणतात. जुन्या अकोला-अमरावती रस्त्यानं आला असता तर शब्दागणिक वचन पडलं असतं. आता ती सोय गेली. जून २०२२मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. आत्याबाई तेव्हापासून माहेरी लवकर पोचतात, आणि मांजरही.

नातवानं एव्हाना दुसरं भाषांतर उघडलं होतं. एकट्या ‘यूव्हर्जन’वरच (ओक्लाहोमातल्या एका चर्चनं २००८मध्ये काढलेलं हे फुकट ॲप) मराठी भाषांतरं एकाहून अधिक आहेत. छापील विचाराल तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं आहे, फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. यशयाच्या ३४व्या अध्यायातल्या उजाड देशात काही भाषांतरांत रानमांजर डोकावतं, काहींत भलताच प्राणी. काकाजी ताठ बसले. वाद जिवंत होता. रानातलं मांजर घरात धरायचं की नाही, यावर साडेदहा वाजले.

मग आत्याबाईंनी अमरावतीचा हुकूम काढला. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात पुस्तकं ६६, कॅथलिकांच्या ७३. त्या वरच्या सातांत बारूख आहे, आणि त्याच्या सहाव्या अध्यायात बाबेलच्या मूर्तींची टर उडवताना म्हटलंय की त्यांच्या डोक्यावर वटवाघळं, पाखरं बसतात, आणि मांजरंही.

“तुमच्या सहासष्टात नसन, आमच्या त्र्याहत्तरात हाय.”

“असन. पण कोनाच्या डोक्यावर बसून राह्यलं ते तं पाह्य,” काकाजी म्हणाले.

एवढ्यात नातवाला आणखी एक शोध सुचला. ‘जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो’, हे काकाजींचं संडे स्कूलमधलं हमखास वचन. कित्येक पिढ्यांनी ते ऐकून परीक्षा दिल्या, कापूस विकला, लग्नं केली. शोधलं: एकही निकाल नाही. सातही जादा पुस्तकं धुंडाळली, नाही. त्याचं मूळ इसापाच्या गाडीवानाच्या गोष्टीत आहे, असं नातवानं सांगितलं. “इसहाकाच्या?” काकाजींनी विचारलं.

“इसहाक नाही दादा, इसाप,” आत्याबाई म्हणाल्या.

काकाजी क्षणभर थांबले. “ॲपवाल्यानं टाकाचं राह्यलं असन.” आणि मग त्यांनी मूळ दुखण्याला हात घातला. युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती तोवर अशा शंकांना जवळच जाणती माणसं होती. १९८३मध्ये ती पुण्याला गेली. विदर्भाचं सगळंच पुण्या-मुंबईला जातं. सिंचन गेलं, सेमिनरी गेली, तसं हे वचनही तिकडेच गेलं असणार. मांजरीचाही अनुशेषच आहे. यावर आत्याबाईंचंही एकमत झालं, आणि पुढचा तासभर दोघं मिळून पुण्याला बोलले.

माझं मत विचाराल तर ॲप उत्तम आहे. घरोघर असावं. करणाऱ्यांना एवढीच विनंती की मराठीचे प्रत्यय त्याला शिकवा, जमल्यास वऱ्हाडी ‘ले’ही, आणि ‘एकही निकाल नाही’ ही ओळ निदान अर्धा तास थांबून दाखवा. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री मोठ्या असतात.